मुखवट्याआडचा पराक्रम
साहसपट व दूरचित्रवाणीवरील वीरकथा यांतील काही निवडक प्रसंगांचे पुनरवलोकन

१. विषयप्रवेश

आपल्याकडील चित्रपटांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा साहसपटांची, म्हणजे बोलीभाषेत ज्यांना स्टंटपट म्हणत त्यांची, बोळवण बहुधा एखाद्या परिच्छेदात होते. फाळके, बाबूराव पेंटर आणि प्रभात अशी परंपरा मांडून झाली म्हणजे उरलेल्या जागेत मारामाऱ्या, घोडेस्वार आणि बुरखाधारी वीर यांचा उल्लेख करून लेखक पुढे जातो. या उपेक्षेचे कारण उघड आहे. या चित्रपटांतील कथानक असंभाव्य असते. योगायोगांची रेलचेल असते. एकट्या वीरापुढे दहा हत्यारबंद माणसे पालापाचोळ्यासारखी उडतात. आणि चेहऱ्यावर बोटभर रुंदीचा काळा पट्टा बांधला की नायकाला त्याचा सख्खा बापही ओळखीत नाही. सुशिक्षित टीकाकाराला यात हसण्याजोगे तेवढेच दिसले.

हे चित्रपट हास्यास्पद नव्हते, असे प्रतिपादन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते पुष्कळदा हास्यास्पद होतेच. प्रश्न वेगळा आहे. प्रेक्षक या प्रकारांना हसत असूनही त्यांत रंगून जात होता, आणि हे रंगणे व हसणे त्याच्या ठायी एकाच वेळी नांदत होते. हा दुहेरी आस्वाद कोठून आला, आणि तो न ओळखल्यामुळे आपल्या इतिहासाचे कोणते नुकसान झाले, याचा विचार काही निवडक प्रसंगांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

२. तलवार आणि कसरत

साहसपटांची प्रेरणा पाश्चात्त्य होती, हे निर्विवाद. डग्लस फेअरबँक्स याचा ‘मार्क ऑफ झोरो’ १९२० मध्ये व ‘थीफ ऑफ बगदाद’ १९२४ मध्ये निघाला आणि हिंदुस्थानातील शहरांत त्यांचे उत्तम स्वागत झाले. त्याआधीपासून अमेरिकेतील मालिकापट येथे येत असत. दर भागाच्या शेवटी नायिका कड्यावर लोंबकळत ठेवावयाची आणि पुढच्या भागात तिची सुटका करावयाची, ही त्यांची रीत होती.

तथापि प्रेरणा परकी असली तरी तिला मिळालेली शरीरे येथील होती. मास्टर विठ्ठल यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची उमेदवारी झाली आणि ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या मूकपटात ते नर्तकीच्या वेषात पडद्यावर आले. संगीत रंगभूमीवरील स्त्रीभूमिकांच्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला त्याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. पुढे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या शारदा फिल्म कंपनीने साहसपटांचा कारखानाच उघडला, आणि १९२६ च्या ‘रतन मंजरी’ पासून विठ्ठल तिचे नायक झाले. लोक त्यांना हिंदुस्थानचा फेअरबँक्स म्हणू लागले.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात पहिला बोलपट ‘आलम आरा’ झळकला. त्याच्या नायकाची भूमिका विठ्ठल यांच्याकडे आली. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला, तेव्हा विठ्ठल यांची बाजू महमदअली जिना यांनी लढविली. परंतु कोर्टात जिंकलेली भूमिका पडद्यावर पुरती वठणे कठीण होते. विठ्ठल यांना उर्दू सफाईने बोलता येत नसे. त्यामुळे नायकाच्या वाट्याला संवाद बेताचेच ठेवून बराच वेळ त्याला गुंगीच्या अवस्थेत दाखविण्याची युक्ती योजण्यात आली. हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाचा नायक शक्य तितके कमी बोलतो, हा प्रसंग विनोदी आहे खरा. पण त्यातच साहसपटाचे मर्म आहे. ज्या नटाचे सारे वाङ्मय त्याच्या मनगटात आणि मांडीत होते, त्याला शब्दांच्या युगाने प्रथमच मुके केले.

३. ‘दिलेर जिगर’ मधील सारंगा

याच वर्षी, म्हणजे १९३१ मध्ये, ग. पं. पवार यांनी दिग्दर्शित केलेला ‘दिलेर जिगर’ हा मूकपट निघाला. निर्मिती अगरवाल फिल्म कंपनीची होती. नायिकेचे काम करणारी मुलगी तेव्हा पंधराच्या आसपास होती. नाशिक जिल्ह्यात जन्मलेली आणि पुण्यात सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीतून पडद्यावर आलेली ही अंबू पुढे ललिता पवार या नावाने प्रसिद्धीस आली.

कथा जुन्या वळणाची आहे. राज्यलोभी काळसेन आपल्या भावाचा, म्हणजे राजाचा, घात करतो. तान्ह्या राजपुत्राला एक इमानी माणूस वाचवितो. आणि तो मुलगा हमीर या नावाने कसरतीचे खेळ करीत वाढतो. त्याची जोडीदारीण सारंगा. येथवर सारे अपेक्षेप्रमाणे घडते. नावीन्य आहे ते पुढील प्रसंगांत. हमीर संकटात सापडतो तेव्हा सारंगा तोंडावर मुखवटा चढवून, हातात तलवार घेऊन त्याच्या सुटकेस धावते. साहसपटाच्या रूढ रचनेत नायिकेने बंदिवासात पडावयाचे आणि नायकाने भिंत चढून यावयाचे असते. येथे भूमिका उलटल्या आहेत, आणि त्या उलटताना चित्रपट कोणतेही स्पष्टीकरण देत नाही. दोरावर चालणारी मुलगी भिंतही चढू शकेल, हे प्रेक्षकाने आरंभीच्या खेळांतच पाहिलेले असते. असंभाव्यतेचा आरोप ज्या चित्रप्रकारावर सर्वांत जास्त होतो, त्यात ही तयारी किती काळजीपूर्वक केली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुखवटा घालून अन्यायाचा सूड घेणारी नायिका म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे १९३५ चा ‘हंटरवाली’ येतो. त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच्या चार वर्षे आधी एका मराठी नटीने एका मराठी दिग्दर्शकाच्या चित्रपटात हा वेष धारण केला होता, ही नोंद इतिहासात ठळकपणे यावयास हवी होती. ती आली नाही. ‘दिलेर जिगर’ ची प्रत टिकली नसती, तर ही गोष्ट केवळ ऐकीव राहिली असती.

४. चाबूक, आगगाडी आणि परळचा कारखाना

होमी वाडिया यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हंटरवाली’ ने १९३५ मध्ये मुंबईच्या सुपर चित्रगृहात पंचवीस आठवड्यांहून अधिक मुक्काम केला. आधी वितरक हा चित्रपट घ्यावयास धजत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते. नायिका नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. सोनेरी केसांची, धिप्पाड, परकी उच्चारांचे हिंदी बोलणारी ही बाई राजकन्या माधुरी म्हणून पुढे येते. वजिराने बापाला कैदेत टाकल्यावर ती चाबूक घेऊन मुखवट्याआडून धनिकांना लुटते व गरिबांना वाटते. ‘पंजाब का बेटा’ या नावाने तिचा घोडाही तिच्याइतकाच लोकप्रिय झाला. वजिराच्या राज्यात अशी दुसरी बाई दिसणे अशक्य, तरी मुखवटा चढताच तिला कोणी ओळखीत नाही. प्रेक्षागृहातील प्रत्येकाला हे ठाऊक असे, आणि हे ठाऊक असणे हाच त्या खेळाचा अर्धा आनंद असे.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मिस फ्रंटियर मेल’ मध्ये वाडियांनी या संकेताची दिशा बदलली. या चित्रपटात मुखवटा आहे, पण तो खलनायकाच्या चेहऱ्यावर. ‘सिग्नल एक्स’ हे नाव घेऊन वावरणारा हा मनुष्य रेल्वेचा घातपात करू पाहतो, कारण त्याला विमानवाहतुकीचा धंदा वाढवावयाचा आहे. उलट सविता, म्हणजे नादिया, उघड्या चेहऱ्याने धावत्या आगगाडीच्या टपावर त्याच्या माणसांशी झुंजते. सरंजामी राज्यात जुलमाशी लढणाऱ्याला लपावे लागते, तर आधुनिक शहरात भांडवलाला लपावे लागते, असा अर्थ यातून काढता येतो. तो निर्मात्यांच्या मनात होता काय, हे सांगणे कठीण, पण ज. बो. हो. वाडिया हे एम. ए., एलएल. बी. झालेले व मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. १९४० च्या ‘डायमंड क्वीन’ मध्ये मारामाऱ्यांच्या जोडीने साक्षरतेचा व स्त्रीच्या स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार आढळतो, तो आकस्मिक नव्हे.

वाडिया मूव्हीटोनचा कलागृह परिसर परळला होता. भोवती गिरण्या, चाळी आणि कामगारांची वस्ती. हीच वास्तू पुढे १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या हाती आली आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. टीकाकारांनी ज्या चित्रपटांना गौरविले ते आणि ज्यांना हिणविले ते, दोन्ही एकाच फरशीवर घडले, असा याचा अर्थ होतो.

परळच्या याच गिरणगावातून भगवान आभाजी पालव, म्हणजे भगवानदादा, पुढे आले. गिरणी कामगाराचा हा मुलगा. १९३८ च्या ‘बहादुर किसान’ पासून १९४९ पर्यंत त्यांनी अल्प खर्चाचे साहसपट काढले, ते प्रामुख्याने श्रमिक प्रेक्षकांसाठी. १९५१ च्या ‘अलबेला’ ने त्यांना सर्वत्र मान्यता दिली. परंतु ‘अलबेला’ चे कौतुक करताना त्याआधीच्या तपाभराच्या कामाकडे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. पुढे साठवणीच्या जागी लागलेल्या आगीत त्यांचे बहुतेक जुने चित्रपट नष्ट झाले.

५. प्रेक्षक : मंदिराचे पटांगण आणि तंबू

प्रेक्षकाचा हा दुहेरी आस्वाद, हसणे आणि गुंतणे, नव्याने शिकलेला नव्हता. तळकोकणातील दशावतारात संकासुर रंगमंचावर येतो तेव्हा त्याचा काळा वेष आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ पाहून लहान मुले आईच्या पदराआड लपतात, आणि तोच संकासुर बोलू लागला की सारे पटांगण हसते. राक्षस म्हणून उभा असलेला इसम उद्या शेतावर भेटणार आहे, हे सर्वांना माहीत असते. नाशिक भागातील बोहाड्यात लाकडी व कागदी मुखवटे घातलेल्या देवदैत्यांची मिरवणूक निघते, तेव्हाही मुखवट्याआडचा गावकरी कोण, हे कुजबुजीने सांगितले जाते. तमाशाच्या वगात राजा दरबार भरवितो आणि सोंगाड्या त्याच राजाची फजिती करतो; तरीही वगातील न्यायनिवाडा प्रेक्षक मनापासून ऐकतो. मुखवटा या परंपरांत फसविण्यासाठी नसतो. तो पाहणारा आणि खेळणारा यांच्यातील एक करार असतो.

हा करार ज्यांच्या अंगवळणी पडला होता, त्यांना साहसपट समजावून सांगण्याची गरज नव्हती. सातारा व सांगली या जिल्ह्यांत कायमची चित्रगृहे मोजक्या शहरांपुरती असताना पालीच्या खंडोबाची किंवा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा भरली की तंबूतील सिनेमा येत असे. तो आपला पडदा, आपले प्रक्षेपणयंत्र आणि वीज निर्माण करणारे आपले इंजिन बरोबर घेऊन हिंडे. शहरात जुने झालेले चित्रपट येथे येत, रिळे तुटलेली असत, मधले दृश्य गाळलेले असे. अशा प्रेक्षकापुढे संभाव्यतेची चर्चा व्यर्थ होती. तुटक रिळांतूनही जे उरते ते कृत्य: उडी, फटका, सुटका. साहसपट कृत्यांतच बोलत असल्याने तुटूनही तो समजत असे.

याच प्रदेशात १९५० च्या दशकात कोयना धरणाचे काम उभे राहिले व त्याबरोबर कोयनानगर वसले. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली आणि ती वीज मुंबईच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली. त्यानंतर दहा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. जसजशी तारांची आणि प्रक्षेपकांची जाळी पसरली, तसतसा पडदा यात्रेच्या तंबूतून निघून घराच्या कोनाड्यात आला. आपली वीज आपण निर्माण करणाऱ्या सिनेमाची जागा सार्वजनिक विजेवर चालणाऱ्या पेटीने घेतली. वीर मात्र तोच राहिला.

६. दूरचित्रवाणीवरील उत्तराधिकारी

मुखवटाधारी वीराचा दूरचित्रवाणीवरील अवतार प्रथम अमेरिकेत गाजला, आणि त्याचा जन्मही एका पुनरवलोकनातूनच झाला. १९४३ मध्ये निघालेला ‘बॅटमॅन’ चा पंधरा भागांचा मालिकापट १९६५ मध्ये सलग एका बैठकीत पुन्हा दाखविण्यात आला. महाविद्यालयीन तरुणांनी त्याला हसून डोक्यावर घेतले. लगोलग १२ जानेवारी १९६६ रोजी ‘बॅटमॅन’ ही नवी मालिका सुरू झाली. मार्च १९६८ पर्यंत तिचे १२० भाग झाले. भडक रंग, ठोशागणिक पडद्यावर उमटणारे ध्वनिशब्द, गंभीर चेहऱ्याने उच्चारलेली हास्यास्पद वाक्ये आणि पहिल्या दिवशी अर्धवट सोडलेल्या संकटाची दुसऱ्या दिवशी सुटका, ही तिची लक्षणे होत. मुलांनी ती साहसकथा म्हणून पाहिली आणि मोठ्यांनी विडंबन म्हणून. दशावताराच्या पटांगणात एकाच माणसाच्या मनात जे दोन भाव एकत्र नांदत, ते येथे वयानुसार वाटले गेले, एवढाच फरक.

आपल्याकडे हे स्थान ‘शक्तिमान’ या हिंदी मालिकेला लाभले. मुंबईत निर्माण झालेली व दिनकर जानी यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ पासून मार्च २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना हे त्यापूर्वी ‘महाभारत’ मालिकेतील भीष्म म्हणून घरोघर परिचित होते. त्यामुळे या वीराला पौराणिक वजन आपोआप प्राप्त झाले. त्याचे सामर्थ्य परग्रहावरून येत नाही. योगसाधनेने, कुंडलिनी जागृत होऊन, पंचमहाभूतांपासून येते. शत्रू तमराज किल्विष हा अंधाराचा अधिपती. आणि नित्य व्यवहारातील रूप म्हणजे पुढे आलेल्या दातांचा, चष्मा लावणारा, वेंधळा छायाचित्रकार पंडित गंगाधर.

या मालिकेचे उत्तम भाग पुन्हा पाहताना लक्षात राहतात ते युद्धाचे प्रसंग नव्हेत, कारण त्यांतील यांत्रिक चमत्कार आज फारच बाळबोध वाटतात. लक्षात राहतो गंगाधर. पत्रकार गीता विश्वास ही शक्तिमानाच्या शोधात सारे शहर पालथे घालते आणि तो तिच्या कचेरीतच बावळटासारखा उभा असतो. हा सरळसरळ सोंगाड्याचा वारसा आहे. राजा आणि त्याची फजिती करणारा, या वगातील दोन व्यक्ती येथे एकाच देहात आल्या आहेत. नादियाला मुखवटा चढविल्यावर कोणी ओळखीत नसे. गंगाधराला मुखवटा उतरविल्यावरही कोणी ओळखीत नाही. मुलांना मात्र सारे ठाऊक असते, आणि मोठ्या माणसांना जे कळत नाही ते आपल्याला कळते, या जाणिवेत त्यांचा आनंद असतो.

या कराराला एक भीषण अपवाद घडला. शक्तिमान वाचवावयास येईल या समजुतीने मुलांनी स्वतःस इजा करून घेतल्याच्या वार्ता त्या काळी प्रसिद्ध झाल्या आणि मालिकेवर वादळ उठले. या वार्तांतील कार्यकारणभावाबद्दल वाद झाला. परंतु निर्मात्यांना मुलांना उद्देशून खुलासे करावे लागले. पटांगणात मुलाच्या शेजारी आई असे, तंबूत मोठ्यांची गर्दी असे. मुखवट्याचा करार मूल त्यांच्या हसण्यावरून शिके. घरातील पेटीपुढे ते पुष्कळदा एकटेच बसले. हसणारा शेजारी नसला म्हणजे मुखवटा खरा वाटू लागतो. या दृष्टीने पाहता प्रेक्षकाचे हसणे हा आस्वादातील दोष ठरत नाही, तर ते त्या आस्वादाचे संरक्षक कवच ठरते.

७. समारोप

ललिता पवार यांच्या आयुष्यावरून दृष्टी फिरविली असता हा सारा पट एका व्यक्तीच्या हयातीत सामावलेला दिसतो. १९३१ मध्ये त्यांनी मुखवटा चढविला. १९३९ च्या भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ मध्ये त्या व मास्टर विठ्ठल एकत्र आले. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ च्या चित्रीकरणात भगवानदादांचा फटका वर्मी लागून त्यांच्या चेहऱ्यावर आघात झाला. उपचारांत सुमारे तीन वर्षे गेली आणि एक डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या. ज्या चित्रप्रकारात सारे फटके खोटे असतात, त्याच्या नायिकेला खरा फटका साहसपटाच्या एका नायकाकडूनच बसावा, हा दैवदुर्विलास होय. त्यानंतर त्यांनी चरित्रभूमिकांत दुसरी कारकीर्द उभी केली, आणि १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरा म्हणून त्या घरोघर पोहोचल्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘शक्तिमान’ सुरू होऊन अवघे पाच महिने झाले होते. मंथरा म्हणून त्यांना ओळखणाऱ्या कोट्यवधी प्रेक्षकांपैकी सारंगा किती जणांना ठाऊक होती?

हिंदुस्थानात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतील पूर्ण वा खंडित स्वरूपात उरलेले बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर बरेचसे गेलेले होते. चित्रफितींतील चांदी काढून घेण्यासाठी रिळे विकली गेली. नायट्रेटच्या फिती आपोआप पेटल्या वा कुजल्या. आणि ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारातील कोठाराला लागलेल्या आगीत आणखी मोठा ठेवा जळाला. या नाशाला रसायनशास्त्र कारणीभूत आहे, तशी अभिरुचीही आहे. जे हिणकस मानले गेले ते जपण्याचा प्रयत्न सर्वांत शेवटी झाला, म्हणून ते सर्वांत आधी गेले.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखविली, आणि मोठी झालेली मुले आपल्या मुलांना जवळ घेऊन ती पाहावयास बसली. या वेळी हसणारे शेजारी होते. अशी दुसरी संधी भगवानदादांच्या बहुतेक साहसपटांना मिळणार नाही, कारण दाखविण्यासाठी ते उरलेलेच नाहीत. ‘दिलेर जिगर’ उरला आहे. मुखवटा चढविणारी सारंगा त्यात आजही भिंत चढते. तिला तिच्या क्रमांकावर नेऊन बसविणे, एवढे काम इतिहासकाराकडे शिल्लक आहे.